पंधरा रेघांचा मांडव

संताजीराव खळदकरांनी उभ्या आयुष्यात इंदूरमधल्या एकाच माणसाला शहाणा म्हटलं, आणि तेही तो मेल्यावर. बाकी सगळं शहर त्यांच्या लेखी मूर्खांचा बाजार होतं. ठेकेदार चोर, गवंडी आळशी, घरमालक आंधळा आणि इंजिनियर म्हणजे ज्याला बूट खराब होण्याची भीती वाटते तो. मध्यभारत झाल्यापासून तर विचारूच नका. होळकर सरकारचं बांधकाम खातं विलीन झालं, संताजीरावांना घरी बसवलं, आणि नव्या सरकारची राजधानी उन्हाळ्यात इंदूर नि हिवाळ्यात ग्वाल्हेर अशी हिंडायला लागली. "सरकार आहे की सर्कस?" असं संताजीराव चहाच्या दुकानात मोठ्याने विचारत. कोणी उत्तर दिलं नाही की तंबाखू थुंकत आणि ठेकेदारांच्या कामावर जात.

काम सेंट्रिंगचं. म्हणजे स्लॅबचं काँक्रीट ओतण्याआधी खाली फळ्यांचा साचा बांधायचा आणि त्या साच्याला बल्ल्यांचे, म्हणजे उंच लाकडी वाशांचे, टेकू द्यायचे. स्लॅब तयार झाला की साचा निघतो, टेकू निघतात, आणि मिस्त्रीने तिथे काय केलं हे दाखवायला एक खिळासुद्धा उरत नाही. भाऊबंदांना ही सरळसरळ सुतारकी वाटायची. आजोबा होळकरांच्या घोडदळात, वडिलांनी लालबागेच्या फाटकावर तीस वर्षं पहारा दिला, आणि हा कुळाचा दिवा करवत घेऊन बसला! सगळ्यांत जास्त बोचायचं ते थोरला चुलतभाऊ उदयसिंह याला. उदयसिंह स्वतः काय करायचा? दसऱ्याला आजोबांची तलवार पुसायचा, आणि उरलेलं वर्ष मिशी.

तो एकुलता एक शहाणा माणूस म्हणजे शाम मिस्त्री. संताजीराव त्यांच्या हाताखाली शिकले. "काँक्रीट पहिल्या दिवशी चिखल असतं," शाम मिस्त्री सांगायचे, "सातव्या दिवशी ते दगडाचं सोंग घेतं, आणि एकविसाव्या दिवशी दगड होतं. मधल्या दिवसांत ते तुला फसवणार, ध्यानात ठेव." वरून टणक लागतं, त्यावर माणूस नाचला तरी चालतं, पण लांब तुळईला स्वतःचंच वजन पेलत नाही. पुढे एका गोदामाचे टेकू ठेकेदाराने नवव्या दिवशी काढायला लावले. काढणारे आत होते, सांगणारा बाहेर उभा होता, अर्थातच. शाम मिस्त्री माणसांना हाका मारत आत शिरले ते पुन्हा बाहेर आले नाहीत.

त्या दिवसापासून संताजीरावांनी एक पद्धत धरली. प्रत्येक बल्लीवर गेरूने नंबर घालायचा. बल्लीच्या बुडाशी लाकडी पाचर ठोकलेली असते. रोज सकाळी त्या पाचरीवर हातोडीचा ठोका मारून बघायचा, ढिली असेल तर घट्ट करायची, आणि मग नंबराखाली गेरूची एक रेघ ओढायची. एकवीस रेघा झाल्याशिवाय बल्लीला कोणी हात लावायचा नाही. शंभर बल्ल्या असल्या तर रोज शंभर ठोके आणि शंभर रेघा. लोक हसायचे. "काय मिस्त्रीजी, जेलमध्ये दिवस मोजताय का?" "मी नाही, तू जाणार होतास बेवकूफ, तुला वाचवतोय," असं म्हणून ते पुढच्या पाचरीवर हातोडी हाणायचे.

आता इंदूरकरांची अक्कल ऐका. या बल्ल्या ठेकेदारांच्या नसतच, त्या असायच्या मंडपवाल्यांच्या. आषाढात देव झोपले की लग्नं बंद, मंडपवाल्यांच्या बल्ल्या गोदामात पडून. मग ठेकेदार त्या उचलायचे आणि चातुर्मासभर गावात छतं घालायचे. कार्तिकात देवउठनी ग्यारस, म्हणजे आपली कार्तिकी एकादशी, आली की देव उठले, लग्नं निघाली आणि मंडपवाले बैलगाड्या घेऊन दारात हजर. स्लॅबला किती दिवस झाले हे कोण विचारतो? मंडपवाल्याला वधू दिसते, ठेकेदाराला पुढचं काम दिसतं. काँक्रीट पिकलं की नाही हे पंचांग बघून ठरवणारे लोक! संताजीराव दरवर्षी ग्यारशीला उपास करायचे, आणि दिवसभर खायला तोंड उघडायचे नाहीत, फक्त शिव्या द्यायला उघडायचे.

त्या वर्षी परदेशीपुऱ्यात गिरणी कामगारांच्या एका मंडळाने सभागृह बांधायला घेतलं. ठेकेदार दौलतराव, पोट पुढे आणि जबाबदारी मागे अशा चालीचा माणूस. सिमेंटचं परमिट येईपर्यंत पावसाळा संपला, आणि स्लॅब ओतला गेला तो भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. तीन लांब तुळया, खाली एकशे दहा बल्ल्या, सगळ्या नंदू मंडपवाल्याच्या. संताजीरावांनी तिथल्या तिथे बोटं मोजली. ग्यारस आठव्या दिवशी येत होती. "झालं," ते म्हणाले, "आता भांडायला अंगात ताकद ठेवायला पाहिजे."

आणि स्लॅबखाली माणसं राहत होती. माळव्यातल्या खेड्यातून आलेली तीन मजूर कुटुंबं तिथेच चुली मांडून बसली. संताजीरावांनी दौलतरावाला बजावलं, यांना बाहेर झोपडी घालून द्या. तो "हो, हो, करवा देंगे" म्हणाला, म्हणजे करणार नाही हे नक्की झालं. त्या बायकांतली अंबिका रोज दोनदा वर चढून स्लॅबवर पाणी घालायची. तराई म्हणतात त्याला, काँक्रीट वाळून तडकू नये म्हणून. तिने आपल्या तान्ह्या पोराची झोळी दोन बल्ल्यांना बांधली. संताजीराव खेकसले, "बाई, हे काय वडाचं झाड आहे का? सोड ती!" तिने निमूटपणे झोळी खिडकीच्या गजांना बांधली. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती रेघा मोजायला लागली. संताजीराव आले की तीच सांगायची, "आज पाँच." "आज छे." ठेकेदारापेक्षा हिला जास्त कळतं, असं ते म्हणाले, पण ही तारीफ नव्हती, कारण ठेकेदारापेक्षा त्याच्या बैलालाही जास्त कळायचं.

ग्यारशीला नंदू दोन गाड्या घेऊन आला. बरोबर दौलतराव.

"मिस्त्रीजी, एकाआड एक काढून देऊ," दौलतराव म्हणाला. "निम्म्या तर राहतीलच. थोडं ॲडजस्ट करा."

"तुमच्या एकाआड एक बरगड्या काढू का? निम्म्या तर राहतीलच."

"अरे भिया, शादियां हैं, लोकांना जबान दिलीय," नंदू काकुळतीला आला. तो बिचारा वाईट नव्हता, फक्त त्याच्या डोक्यात कनात सोडून काही शिरत नसे.

संताजीरावांनी करवत उचलली, पहिल्या बल्लीला कमरेच्या उंचीवर लावली आणि म्हणाले, "एक जरी बल्ली हलवलीत ना, तर हलवलेली प्रत्येक मी मधोमध कापीन. मग कंबरेएवढ्या मंडपात लग्नं लावा. नवरदेव रांगत येऊ देत." नंदूचं तोंड उतरलं. हा माणूस बोलेल ते करील हे त्याला माहीत होतं. तो गाड्या घेऊन परत गेला, आणि दौलतराव ज्यांच्याकडे तक्रार करायची ते साहेब फायलींबरोबर ग्वाल्हेरला गेल्यामुळे गप्प बसला. सर्कशीचा एवढा एक उपयोग झाला.

आता संताजीरावांच्या घरातली गोष्ट. त्यांची एकुलती एक मुलगी प्रमोदिनी, तिचं लग्न ठरलं होतं देवासला, ग्यारशीनंतर आठ दिवसांनी. म्हणजे स्लॅबच्या सोळाव्या दिवशी. बायको द्वारकाबाई चार महिने पापड-कुरडयांत बुडालेली. मांडवाचं काम उदयसिंहाने आपणहून अंगावर घेतलं. "खळदकरांच्या इभ्रतीला शोभेल असा मांडव घालीन, तू बघच," तो म्हणाला. कुणाचा मांडव, कुठला मांडव, संताजीरावांनी एका शब्दाने विचारलं नाही. असल्या फालतू गोष्टीत कोण डोकं घालणार? उदयसिंहाला निदान बांबू उभे करायला तरी जमेल, असं ते द्वारकाबाईंना म्हणाले. इथे ते चुकले. लोकांना तुच्छ लेखायची सवय लागली की माणूस विचारायचं विसरतो, आणि संताजीरावांना ती सवय चाळीस वर्षांची होती.

हळदीच्या दिवशी सकाळी त्यांनी परदेशीपुऱ्यात एकशे दहा पाचरी ठोकल्या, पंधरावी रेघ ओढली आणि छत्रीबागेत घरी आले. नंतर दिवसभर मुलीच्या बापाला लग्नकामातून सवड मिळत नाही. दुपार हळदीत गेली, संध्याकाळ देवासकरांची उतरायची सोय बघण्यात. परत आले तेव्हा अंधार झाला होता आणि दारात भला मोठा मांडव उभा होता. बल्ल्यांना लाल-पिवळं कापड गुंडाळलेलं, वर झालर. उदयसिंह मिशीला पीळ देत म्हणाला, "काय?" संताजीराव दमले होते. "बरा आहे," म्हणाले आणि झोपले. उदयसिंहाला आयुष्यात त्यांच्याकडून मिळालेली ही पहिली आणि शेवटची शाबासकी.

सकाळी नऊच्या सुमाराला, सोळावी रेघ ओढायला निघताना, ते मांडवात आले. प्रमोदिनी अंगणात हळदीच्या साडीत बसली होती, बायका तिच्या हातात चुडा भरत होत्या. संताजीरावांनी सवयीने जवळच्या बल्लीवर हात टेकला. कापड घसरलं. खाली गेरूने लिहिलं होतं, सत्तावन्न. त्याखाली रेघा.

त्यांनी मोजल्या. पंधरा. मग शेजारच्या बल्लीचं कापड ओढलं. अठ्ठावन्न. तिसरीचं ओढलं, चौथीचं ओढलं. साठ, एकसष्ट. सगळ्या मधल्या तुळईखालच्या! कडेच्या बल्ल्या साच्यात अडकलेल्या असतात, मधल्या सोप्या निघतात, म्हणून या दीडशहाण्यांनी मधल्याच उपटल्या होत्या. मोजून चाळीस.

आणि त्या क्षणी संताजीरावांच्या मनात काय आलं? पंधरा दिवस तर झालेत. काल दुपारपासून स्लॅब या टेकूंशिवाय उभा आहे. यंदा थंडीही बेताची. साडेबाराचा मुहूर्त, संध्याकाळी पाठवणी, मग रातोरात परत नेऊन लावल्या तर... एवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की हा आवाज दौलतरावाचा आहे. शब्दन् शब्द त्याचा. थोडं ॲडजस्ट करा. संताजीरावांनी आजवर अख्ख्या गावाचा तिरस्कार केला होता, पण इतकी किळस त्यांना कुणाचीच आली नव्हती, जितकी आता स्वतःची आली.

"नंदू!" ते ओरडले. "गाड्या जोड. मांडव उतरव."

बायकांचे हात जागच्या जागी थांबले. नंदू कढईपाशी जिलबी खात होता, ती त्याच्या हातातच राहिली. उदयसिंह फेटा सावरत धावत आला. "डोकं फिरलंय का तुझं? तीन तासांवर लग्न आलंय! देवासची माणसं काय म्हणतील?"

"या बल्ल्या कुठून आणल्यास?"

"दौलतरावाने दिल्या. राजीखुशीने! तुझ्याच पोरीसाठी आणल्या ना? तिथल्या मजुरांना बाहेर बसायला सांग म्हणजे झालं."

"आणि वर चढून तराई कोण करणार, तू? तलवार घेऊन?" संताजीरावांनी कमरेचा चाकू काढला आणि सुतळी कापली. झालर एका बाजूने खाली आली.

द्वारकाबाई स्वयंपाकघरातून आल्या, हात पिठाचे. नवऱ्याची भांडणं त्यांना नवी नव्हती, पण आज त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, आजच्या दिवस तरी," त्या म्हणाल्या. "आजच्या दिवस तरी लोकांना मूर्ख म्हणू नका."

"तीन कुटुंबं आहेत तिथे, बाई," संताजीराव म्हणाले. ते बायकोला कधी बाई म्हणत नसत. "एक तान्हं आहे. झोळीत."

द्वारकाबाईंनी मुलीकडे बघितलं. प्रमोदिनीच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं. द्वारकाबाईंनी पदराला हात पुसले. "आपली घरची मुहूर्तमेढ राहू द्या," त्या म्हणाल्या. "शास्त्राला ती एक पुरते. बाकीच्या न्या. आणि लवकर जा!" मग त्या स्वतःच एका बल्लीची दोरी सोडायला बसल्या. उदयसिंह कपाळावर हात मारून घेत राहिला. कोणी त्याच्याकडे बघितलं नाही.

संताजीराव सायकलवर पुढे निघाले, नवा फेटा, अंगावर जरीकाठी उपरणं. गाड्या मागून. परदेशीपुऱ्यात पोचले तर मधल्या तुळईखाली मोकळं मैदान झालेलं, आणि दौलतरावाने आता भीती नाही म्हटलं, जागा मोकळी मिळाली, म्हणून अंबिकेने चूल नेमकी तिथेच मांडलेली! भाकरी थापत होती. बल्ल्यांबरोबर तुळईखालच्या फळ्याही निघाल्या होत्या. संताजीरावांनी वर बघितलं. तुळईच्या पोटावर, बरोबर मधोमध, केसासारखी बारीक चीर आली होती. टेकू असते तर ती आली नसती.

"बाहेर!" त्यांचा आवाज फुटला. "बाहेर निघा, सगळे! वरच्याला खाली बोलव!"

अंबिकेने भाकरी टाकली, झोळीतून पोर उचललं आणि धावली. तिचा नवरा पाण्याचं पिंप तसंच सोडून शिडीवरून उतरला. मग गाड्या आल्या. नंदूची माणसं आत यायला तयार होईनात, आणि खरं सांगायचं तर या एका बाबतीत संताजीरावांनी त्यांना मूर्ख म्हटलं नाही. ते एकटे आत गेले. पहिली बल्ली मधोमध उभी केली, तिच्या बुडाशी पाचर बसवली, हळूहळू ठोकली. दुसरी केली. चार बल्ल्या उभ्या राहिल्यावर नंदू चपला काढून आत आला, का काढल्या देव जाणे. "लाओ मिस्त्रीजी, मैं पकड़ता हूं," म्हणाला. मग दोघांनी मिळून नंबर बघत बघत चाळीसच्या चाळीस जागच्या जागी लावल्या. कापड सोडायलाही वेळ नव्हता. लाल-पिवळ्या बल्ल्या, दोन-चारांना आंब्याच्या पानांचं तोरण तसंच लटकलेलं, एकीवर हळदीचा हात उमटलेला.

शेवटची पाचर ठोकत होते तेव्हा गिरणीचा भोंगा झाला. एक वाजला होता. संताजीराव हातोडी खाली ठेवून तिथेच विटांच्या ढिगावर बसले. छत्रीबागेत त्यांच्या मुलीचं लग्न लागून गेलं होतं.

कन्यादान उदयसिंहाने केलं, कमरेला तलवार लावून. उन्हात, उघड्यावर, एका मुहूर्तमेढीच्या भरवशावर. देवासकरांनी नाकं मुरडली, व्याह्यांनी जेवताना तीनदा विचारलं की मुलीचे वडील आजारी आहेत का. संताजीराव परत आले ते पाठवणीच्या वेळी, फेट्यावर सिमेंटची धूळ. प्रमोदिनी पाया पडली आणि टांग्यात बसली. मान वर करून बघितलंच नाही तिने.

स्लॅब पडला नाही. हीच तर गंमत आहे या धंद्याची. दुसऱ्या दिवशी दौलतराव हसत हसत आला. "पडला का? नाही ना? केसाएवढ्या चिरेसाठी पोरीचा मांडव उपटलात, वा रे वा!" पुढे वर्षानुवर्षं भाऊबंदांत संताजीरावांची तीच ओळख राहिली, मांडव उपटणारा. शाम मिस्त्रींचा स्लॅब पडला म्हणून लोकांनी त्यांना शहाणं म्हटलं होतं. संताजीरावांचा उभा राहिला, तेव्हा ते वेडे ठरले. असल्या लोकांपुढे डोकं फोडून काय उपयोग?

एकविसावी रेघ ओढून झाल्यावर त्यांनी बल्ल्या काढल्या, आधी तुळईच्या मधल्या, मग कडेच्या, हळू. चीर होती तेवढीच राहिली. त्यानंतर दोन दिवसांनी प्रमोदिनी मांडवपरतणीला माहेरी आली. जेवताना तिने ताटाकडे बघतच सांगितलं, "आबा, तिकडे मला बिनमांडवाची म्हणतात." संताजीराव अख्ख्या इंदूरला उलट उत्तर देत. आता ते घास चावतच राहिले. मग तीच म्हणाली, "मला बघायचंय, कशासाठी नेला ते."

दोघं परदेशीपुऱ्यात गेले. सभागृह रिकामं, वर मोठं मोकळं छत. प्रमोदिनी मधोमध उभी राहून वर बघत राहिली. वर काहीच नव्हतं बघण्यासारखं. कोपऱ्यात खिडकीच्या गजांना झोळी होती, आणि झोळीच्या दोरीला आंब्याच्या वाळक्या पानांचं तोरण बांधलेलं. बल्ल्यांबरोबर आलेलं. अंबिका पोराला झोका देत होती. तिने हिरवा चुडा बघितला, संताजीरावांकडे बघितलं, आणि उठून उभी राहिली.

"बई," ती म्हणाली, "तमारो मांडवो तो म्हारे याँ लग्यो थो."

प्रमोदिनी झोळीजवळ गेली. पोर जागं होतं, तोरणाकडे टक लावून बघत होतं. तिने दोरीला हलकेच हात लावला.

"किती दिवस होता, आबा?"

"पाच," संताजीराव म्हणाले.

"आपल्याकडे तर दुसऱ्याच दिवशी उतरवला असता," ती म्हणाली, आणि झोळीला झोका दिला.